एकाच खोलीचा भाडेकरार : घरपोच नोंदणी सेवेचा अनुभव

मुलगा नोकरीसाठी बंगळुरूला गेल्यापासून आमच्या कर्वेनगरच्या फ्लॅटमधली त्याची खोली रिकामी होती. जवळच मुलींचं इंजिनिअरिंग कॉलेज असल्याने जागा शोधणाऱ्या मुली कायम फिरत असतात. लातूरची एक मुलगी पसंत पडली. भाडं महिना 9,000, डिपॉझिट 20,000, मुदत 11 महिने. करारासाठी घरी येऊन ऑनलाइन नोंदणी करून देणाऱ्या एजंटाला बोलावलं. आपण राहतो त्याच घरातली एखादी खोली द्यायची असेल त्यांच्यासाठी हे लिहिते आहे, कारण अख्खा फ्लॅट देणं आणि एक खोली देणं यात बराच फरक आहे.

सोसायटीत बऱ्याच जणांनी सांगितलं, "एका खोलीला कसला एवढा करार? स्टँपपेपरवर नोटरी करून टाका." कृपया ऐकू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 55 प्रमाणे लीव्ह अँड लायसन्सचा (म्हणजे ठरावीक मुदतीसाठी जागा वापरू देण्याचा) करार लेखी आणि नोंदणीकृतच लागतो, आणि ती जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल तर 3 महिन्यांपर्यंत कैद, 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. मला त्याहून मोठी वाटली ती पुढची तरतूद. नोंदलेला करार नसताना वाद झाला, तर काय ठरलं होतं याबद्दल भाडेकरूचं म्हणणं खरं धरतात, आणि ते तसं नव्हतं हे आपण सिद्ध करायचं. करार नोंदलेला असेल तर मुदत संपूनही जागा न सोडणाऱ्याविरुद्ध याच कायद्याच्या कलम 24 खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे अशी प्रकरणं ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जाता येतं आणि तेवढ्या काळाचं दुप्पट भाडं मागता येतं.

खर्चही फार नाही. मुद्रांक शुल्क पाव टक्का. ते पूर्ण मुदतीच्या भाड्यावर आणि डिपॉझिटच्या वर्षाला 10 टक्के धरलेल्या व्याजावर. आमच्या आकड्यांना ते अडीचशेच्या आसपास येतं. महापालिका हद्दीत नोंदणी फी 1,000. एजंटाची फी वेगळी, ती फोनवरच ठरवून घ्या.

सेवा म्हणून बघाल तर छान आहे. एक तरुण मुलगा लॅपटॉप, छोटा कॅमेरा आणि अंगठ्याचं मशीन घेऊन ठरल्या वेळी आला, बोलायला नम्र. मुलीचे वडील लातूरहून आले होते, त्यांनाही त्याने सगळं नीट समजावलं. ते म्हणाले, "ताई, सगळं कागदावर असू द्या, म्हणजे आम्हालाही घोर नाही." दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात कुणालाच जावं लागलं नाही. इंडेक्स टू (नोंदणीचा गोषवारा) आणि कराराची पीडीएफ मेलवर आली.

माझी तक्रार मसुद्याबद्दल आहे. त्याने जो मसुदा भरून आणला होता, त्यात दिलेली जागा म्हणून आमच्या पूर्ण फ्लॅटचा नंबर आणि पूर्ण क्षेत्रफळ होतं. म्हणजे कागदोपत्री आम्ही दोघं राहतो ते घरच आम्ही तिला दिलेलं! विचारल्यावर म्हणाला, "काकू, सगळ्यांचा फॉरमॅट हाच असतो." असेल, पण एका खोलीला तो चालणार नाही. मी तिथेच बसून बदलून घेतला: फ्लॅटमधली पूर्वेकडची एक बेडरूम, तिला लागून असलेली बाथरूम फक्त भाडेकरूच्या वापराला, स्वयंपाकघर, हॉल आणि गॅलरी सामाईक, बाकी घर मालकाच्या ताब्यात आणि मालक तिथेच राहणार. पलंग, कपाट, टेबल, पंखा आणि गीझर यांची यादीही मागे जोडली. हे करायला तासभर गेला आणि तो थोडा कंटाळला, पण केलं त्याने. एकदा अंगठे उमटले की मग दुरुस्ती सोपी नसते, म्हणून मसुदा आदल्या दिवशीच मागवा आणि चष्मा लावून शब्दन् शब्द वाचा.

अंगठ्याचं आणखी एक. आमच्या ह्यांचा अंगठा मशीन घेईचना. वयाने रेषा पुसट होतात. कोमट पाण्याने हात धुऊन, कोरडे करून, मग दुसरं बोट लावून बघितलं तेव्हा कुठे जमलं. घरात सत्तरीच्या पुढचं कुणी करारात असेल तर आधारचे ठसे आधीच अपडेट करून ठेवा.

पोलिसांकडे भाडेकरूची माहिती द्यायची ती ऑनलाइन भरता येते. एजंट वेगळे पैसे मागतात, पण फोटो आणि आधार हाताशी असेल तर आपलं आपल्याला जमतं. सोसायटीने भोगवटा नसल्याचं शुल्क मागितलं तर शांतपणे सांगा की ते सभासद स्वतः राहत नसेल तेव्हाचं असतं, आणि तेव्हाही सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. मिळालेलं भाडं इन्कम टॅक्समध्ये दाखवायचं असतं, तेही लक्षात असू द्या.

आता करारात न मावणाऱ्या गोष्टी. मुलीने पहिल्याच भेटीत विचारलं, "काकू, अभ्यासाला जागताना रात्री बारानंतर चहा केला तर चालेल ना?" मला ही पोरगी तिथेच आवडली. असे प्रश्न दोन्ही बाजूंनी आधी विचारायला हवेत. फ्रिजचा कुठला कप्पा कुणाचा, कपडे मशीनला कधी लावायचे, मैत्रीण मुक्कामाला आली तर आधी सांगायचं का, घरी अंडं-मासे चालतात का, गणपतीत पाहुणे आले की हॉल कुणाचा, वीजबिलाचं काय. आम्ही विजेचे महिन्याचे ठरावीक पैसे लावले, रोजची कटकट नको. आणि खोलीला आतून चांगली कडी, बाहेरून तिचं स्वतःचं कुलूप हवंच. परक्या घरात राहणाऱ्या मुलीला तेवढी जागा पूर्ण तिची वाटली पाहिजे. आपल्याला ते जमणार नसेल, येताजाता दार ढकलायची सवय असेल, तर खोली देऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे.

पाचपैकी चार तारे. एक तारा मसुद्यापायी कापला. 11 महिन्यांनी नूतनीकरणाला याच मुलाला बोलावणार आहे, आणि या वेळचाच मसुदा तारखा बदलून आण म्हणून आधी सांगणार आहे.