डीआरएममुक्त गेम : दिवाळीपासूनचा अनुभव

गेल्या दिवाळीपासून पीसीवरचे गेम मी शक्यतो जीओजीवरूनच विकत घेत आहे, आणि आता त्याविषयी ठामपणे लिहिता येईल इतका वापर झाला आहे. २००८ साली पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट कंपनीने सुरू केलेल्या या ऑनलाइन दुकानात मिळणाऱ्या गेमवर डीआरएम, म्हणजे कॉपी प्रोटेक्शन, नसते. पैसे भरल्यावर इन्स्टॉलर उतरवून हार्ड डिस्कवर ठेवला की एकट्याने खेळायचा गेम इंटरनेटशिवाय केव्हाही बसवता येतो. त्यांचे गॅलेक्सी हे सॉफ्टवेअर ऐच्छिक आहे. मी ते काढून टाकले.

शिमग्याला मुंबईहून राजापूरजवळच्या गावी गेलो असताना हा फरक नीट कळला. दुसरीकडून पूर्ण किंमत मोजून घेतलेल्या एका गेमने, निघण्यापूर्वी त्याचे अपडेट झाल्यामुळे, पुन्हा सर्व्हरशी संपर्क मागितला. गावात रेंज फक्त देवळामागच्या चढावर येत असल्याने तो सुट्टी संपेपर्यंत उघडलाच नाही. 'द विचर ३' मात्र निमूट सुरू झाला. जीओजीवर हा गेम २०१५ पासून संरक्षणाविनाच विकला जातो आणि सर्व यंत्रांवर मिळून त्याच्या ५ कोटींहून अधिक प्रती खपल्या आहेत. अर्थात त्यांतल्या पुष्कळ प्रती कन्सोलवरच्या आहेत आणि कन्सोलचे संरक्षण यंत्रातच असते, त्यामुळे या आकड्यावरून फार मोठा निष्कर्ष काढणे मला पटत नाही.

लॅमिंग्टन रोडवर आणि फोर्टच्या फुटपाथवर नकली सीडी उघड मिळत त्या काळात मूळ प्रत परवडत नसे किंवा मिळतच नसे, हे मुंबईकरांना सांगायला नको. पण ज्यांनी तेव्हाही मूळ प्रत घेतली, त्यांची गत पाहण्यासारखी आहे. त्या काळातल्या अनेक सीडींवर सेफडिस्क हे संरक्षण होते आणि २०१५ मध्ये आलेल्या विंडोज १० ने त्याला लागणारा ड्रायव्हर वगळला. परिणामी खरी सीडी ड्राइव्हमध्ये असूनही गेम चालत नाही, आणि तपासणीच काढून टाकलेली क्रॅक केलेली प्रत बहुधा चालते.

डेनुवोबद्दल माझे मत थोडे मवाळ आहे. २०१४ मध्ये 'फिफा १५' पासून दिसू लागलेल्या या संरक्षणाचा हेतू पहिल्या काही आठवड्यांची विक्री वाचवणे हा आहे आणि तो रास्त आहे. २०१६ च्या 'डूम' मधून ते त्याच वर्षी डिसेंबरमध्ये काढले गेले. काम झाल्यावर ते असे काढणार असतील तर मी थांबायला तयार आहे, आणि तोवर किंमतही उतरते.

जीओजीच्या अडचणीही आहेत. अनेक मोठे नवे गेम तेथे उशिरा येतात किंवा येतच नाहीत. गॅलेक्सी नसेल तर अपडेट स्वतः शोधून उतरवावे लागते. मोठ्या गेमचे इन्स्टॉलर ४ जीबीच्या तुकड्यांत येतात. ते जपण्यासाठी मला वेगळी एक्स्टर्नल डिस्क घ्यावी लागली.

ही डिस्क पाहून भाच्याने लगेच पेनड्राइव्ह पुढे केला. संरक्षण फोडण्याला २०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात आलेल्या कलम ६५अ नुसार दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. येथे फोडण्यासारखे काही नसल्याने ते कलम लागत नाही, पण प्रती वाटण्याची परवानगी त्यातून मिळत नाही, हे मी त्याला समजावले. पुढे सेलमध्ये त्याने तोच गेम विकत घेतला.

खरेदीपासून ३० दिवसांत, गेम उतरवून खेळलेला असला तरी, पैसे परत मागता येतात. लॅपटॉपवर अडखळणाऱ्या एका जुन्या गेमसाठी मी ही सोय वापरली. रक्कम कार्डावर जमा झाली आणि इन्स्टॉलर पुसला का, असे कोणी विचारले नाही.