उचगावचा सोलर: आठ महिने पैकीच्या पैकी, चार महिने बंब

दोनशे लिटरचा, वीस काचेच्या नळ्यांचा सोलर वॉटर हीटर बेळगावजवळ उचगावात आमच्या स्लॅबवर बसून आता दोन पावसाळे झाले. कंपनीचं नाव लिहीत नाही. बेळगावात दुकानं हिंडताना एवढं कळलं की नळ्या बहुतेकांच्या एकाच मापाच्या, ५८ मिलिमीटर जाड आणि १८०० मिलिमीटर लांब. फरक पडतो तो टाकीत, पायपात आणि बसवणाऱ्याच्या हातात. तेव्हा त्याबद्दलच लिहिते.

पण आधी लाईट बिल, कारण सोलर घेतला तो त्याच्यापायी.

आपल्याकडे २०२३ च्या जुलैपासून गृहज्योती, म्हणजे कर्नाटक सरकारची फुकट विजेची योजना, लागू झाली. लोक सरसकट म्हणतात, २०० युनिट फुकट. तसं नाही ते. २०२२-२३ साली तुमची महिन्याची जी सरासरी होती, तिच्यावर दहा टक्के, एवढे तुमचे हक्काचे युनिट. त्याच्यावर गेलात पण २०० च्या आत राहिलात, तर वरच्या युनिटांचे पैसे. आणि २०० ओलांडले की त्या महिन्याचं अख्खं बिल भरायचं, पहिल्या युनिटापासून. आमची त्या वर्षीची सरासरी १३० होती, कारण तेव्हा अंघोळीला बंब होता. म्हणजे हक्काचे १४३. मग धाकट्याचं लग्न झालं, सून नोकरीवाली, सकाळी बेळगावची बस गाठायची. बंब पेटवून धूर खात बसायला कुणाला वेळ? गिझर आला, आणि थंडीत मीटर २१० च्या घरात जाऊ लागलं.

गिझर किती खातो ते मुलाने कागदावर मांडून दाखवलं. वीस लिटरची एक बादली २२ अंशांवरून ४० पर्यंत तापवायला साधारण ०.४२ युनिट लागतात. सहा माणसांच्या सहा बादल्या धरल्या तर रोज अडीच युनिट, महिन्याला पाऊणशे. डिसेंबरात नळाचं पाणीच गारठलेलं असतं, तेव्हा आणखी जास्त. हे पाऊणशे युनिट नुसते दराने गुणले तर साडेचारशे रुपये होतात, आणि तेवढ्यासाठी कोणी तीस-पस्तीस हजार घालणार नाही. पण आमच्यासारखं घर २०० च्या उंबऱ्यावर असेल, तर तेच पाऊणशे युनिट दीड हजारांचं बिल घरात आणतात. सोलर बसल्यावर थंडीतलं मीटर १३५ च्या आसपास आलं आणि बिलावर शून्य. ज्यांचा खप गिझर धरूनही हक्काच्या युनिटांत बसतो, त्यांनी पैशांसाठी सोलर घेऊच नये. त्यांना एक रुपयाही परत मिळणार नाही. हे दुकानदार सांगत नाही.

शिनोळीच्या वन्संचं गणित वेगळं. बाची ओलांडली की त्यांचं गाव, पण ते महाराष्ट्रात, मीटर महावितरणचं, तिथे गृहज्योती नाही. तिकडे १०० युनिटांच्या वर दर एकदम चढतो आणि गिझरचे युनिट नेमके त्या चढ्या दरात पडतात. त्यामुळे वन्संना सोलर माझ्यापेक्षा लवकर फिटेल. आमच्याकडचं पाणी बघून त्यांनीही मनावर घेतलंय, फक्त भाऊजी अजून "बघू की" वर आहेत.

अनुदानाचं म्हणाल तर ते विसरा. गल्लीतल्या दोघातिघांनी मला ठासून सांगितलं की पीएम सूर्यघर योजनेत ७८ हजार मिळतात. मिळतात, पण वीज तयार करणाऱ्या पॅनेलला, तेही तीन किलोवॉट किंवा त्याहून मोठ्या. पाणी तापवणारा सोलर त्यात बसत नाही. आम्हाला मशीन २८ हजारांना पडलं, पाइप, वॉल्व्ह आणि प्लंबर धरून ३५ च्या आत.

नळ्यांचा घ्यावा की तांब्याच्या पट्ट्यांचा चपटा, यावर घरात पुष्कळ चर्चा झाली. चपटा जास्त वर्षं टिकतो, वरची काच दणकट असते, हे खरं. पण आमचं पाणी बोअरचं. तांब्याच्या बारीक नळ्यांत क्षार बसला की आतून खरवडता येत नाही, ॲसिड घालून धुवावं लागतं. काचेच्या नळ्या उपसून, धुऊन परत लावता येतात. शिवाय त्यांच्या दोन काचांमध्ये हवा काढून घेतलेली असते, त्यामुळे आत आलेली उष्णता गार वाऱ्याला सहज जात नाही. आमच्याकडच्या थंडीला हे बरं. तुमच्याकडे विहिरीचं किंवा नळाचं मऊ पाणी असेल, तर चपट्याचाही विचार करा.

टाकीच्या बाबतीत एकच प्रश्न विचारा: आतली टाकी कशाची आणि भोवती पफचा, म्हणजे उष्णता अडवणाऱ्या फोमचा, थर किती जाड? आमची आतून स्टेनलेस स्टीलची आहे, भोवती पन्नास मिलिमीटर पफ. संध्याकाळी चटका देणारं पाणी पहाटेही कढत मिळतं. क्षाराच्या पाण्याला टाकीत मॅग्नेशियमची कांडी असते, ती टाकीऐवजी स्वतः झिजते. ही कांडी अधूनमधून बदलायची असते, हे वॉरंटीच्या कागदावर इंग्रजीत बारीक अक्षरांत लिहिलेलं. सुनेने वाचून काढलं म्हणून कळलं, नाहीतर टाकी गळल्यावरच कळलं असतं.

बसवायला आलेले मेस्त्री गोकाककडचे. ते कन्नडमधून, सासूबाई मराठीतून, आणि भांडण हिंदीतून. भांडणाचं कारण टाकीची उंची. सोलरला पंप नसतो. गरम पाणी हलकं होऊन वर चढतं, गार खाली उतरतं, एवढ्यावर सगळं चालतं, आणि गार पाण्याची टाकी सोलरच्या टाकीपेक्षा उंच लागते. आमची सिंटेक्स नुसती स्लॅबवर टेकवलेली. मेस्त्री म्हणाले चार फूट कट्टा बांधा, सासूबाई म्हणाल्या आधी का नाही सांगितलं. गवंडी बोलवावा लागला. तुम्ही ऑर्डर देण्याआधीच दुकानाच्या माणसाला स्लॅबवर चढवून बघायला लावा. नळ्यांचा उतार दक्षिणेला हवा, आणि दुपारी पाण्याच्या टाकीची किंवा शेजारच्या नारळाची सावली पडता कामा नये. टाकीवर हवेचा उघडा पाइप असतो, त्यातून उकाड्यात थोडं पाणी बाहेर येतं. गळतंय म्हणून तो बंद करू नका. वाफेला वाट राहिली नाही तर टाकी फुगते.

पायपाचं मात्र मनाला लागलं. न्हाणी खाली, परसाकडच्या अंगाला, आणि सोलर पुढच्या बाजूला वर. गरम पाणी यायच्या आधी पायपात रात्रभर थिजलेलं गार पाणी जवळजवळ अर्धी बादली निघतं. दुकानातल्या माणसाने याबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं. आम्ही ते पाणी भांड्यांना वापरतो, पण शहरात फ्लॅटमध्ये राहणारे ते गटारातच सोडणार. नवीन घर बांधत असाल तर न्हाणी आणि सोलर एकाखाली एक येतील असं बघा. पायपावर काळ्या फोमची नळी घालतात, तीही उन्हात वर्षभरात भुगा होते. तिच्यावर चंदेरी टेप गुंडाळून घ्या, आणि ते काम आपल्यासमोर करून घ्या.

उन्हाळ्यात पाणी इतकं कढत असतं की हात घालवत नाही. घरात लहान मूल असेल तर आधी बादलीत गार पाणी, मग गरम, हा नियम सगळ्यांना पाठ करवा. आमच्याकडे नातीच्या पायी तो झाला. दोनशे लिटर आम्हा सहाजणांना पुरून उरतात. गावच्या मळेकरणी देवीला पाहुणे आले तरी दहा-बारा अंघोळी निघाल्या आहेत, फक्त शेवटच्या दोघांना कोमट मिळालं. वापरलं तेवढं गार पाणी टाकीच्या तळाला येतं, म्हणून सगळ्यांत उशिरा उठणाऱ्याची तक्रार ऐकून घ्यायची नाही.

आता पावसाळा. इथेच सोलरचे गुण जातात. जूनच्या मध्यापासून सप्टेंबरच्या अखेरीपर्यंत उचगावात ऊन म्हणजे पाहुणा. जुलैत आठ-आठ दिवस आभाळ उघडत नाही, तेव्हा सोलरमधून येणारं पाणी नुसतं गार नाही एवढंच. दुकानदार म्हणाला होता, "ढगातही तापतं." ढगातून येणाऱ्या उजेडाने थोडं तापतं, बरोबर, पण आमच्या जुलैत नाही. त्यावर त्याचा उपाय टाकीतच दोन किलोवॉटची कॉइल बसवायचा, अडीच हजार जादा. मी नाही घेतली आणि तुम्हीही घेऊ नका. अंघोळीला लागतं एकशेवीस लिटर, कॉइल तापवते दोनशेच्या दोनशे. वीस अंशांनी तापवायलाच साडेचार युनिटांच्या वर जातात, म्हणजे गिझरपेक्षा महाग. गॅस गिझरचा विचार मुलाने काढला होता, तो मी हाणून पाडला. आमच्या न्हाणीला एकच बारकी खिडकी, आणि बंद जागेत गॅस गिझरमुळे माणसं गुदमरून दगावल्याच्या बातम्या दर हिवाळ्यात येतात.

तेव्हा पावसाळ्यात बंब. सासूबाईंचा तांब्याचा बंब अडगळीत गेला होता तो परत परसात आला, चिंचेने घासून. करवंट्या, काजूच्या वाळक्या फांद्या, भाताच्या कोंड्याचं पोतं, सगळं उन्हाळ्यातच पत्र्याखाली साठवून ठेवतो. सुनेची बसची घाई असेल त्या दिवशी गिझर, बाकी दिवस बंब. जुलै-ऑगस्टात पंखे बंदच असतात, त्यामुळे एवढ्या गिझरने मीटर २०० ला शिवत नाही. चार महिन्यांत दोन-तीनशे रुपये जादा गेले तर गेले.

दुरुस्तीचं सांगायचं तर एकदाच वेळ आली, आणि त्यात दोष ना कंपनीचा ना मेस्त्र्याचा. माकडं. दुपारी टोळी आली, एकाने नळीवर उडी मारली, नळी फुटली. नळ्या थेट टाकीला जोडलेल्या असतात, एक फुटली की टाकीतलं सगळं पाणी तिच्यातून जातं, आणि मागोमाग सिंटेक्समधलंही. आम्ही सगळे शेतावर. संध्याकाळी येऊन बघतो तर अंगणात चिखल आणि दोन्ही टाक्या कोरड्या. नवी नळी आणि रबरी वॉशर मिळून हजाराच्या आत काम झालं. सिंटेक्सकडून येणाऱ्या पायपाला वॉल्व्ह आमच्याकडे आहे, पण घरात कुणी असेल तर त्याचा उपयोग. आता स्टँडवर जाळी टाकली आहे, मोठ्या भोकांची, म्हणजे सावली पडत नाही. जंगलाकडच्या, जांबोटी-खानापूरच्या बाजूच्या लोकांनी हा खर्च आधीच धरावा.

सर्व्हिसला दुकान बरं. फोन केला की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी माणूस येतो. क्षार काढायला मात्र दर वेळी आठशे रुपये सांगतात. आमच्या धाकट्याने एकदा बघून घेतलं आणि आता तोच दिवाळीच्या आधी नळ्या उतरवून धुतो. सकाळी लवकर करायचं, ऊन चढल्यावर रिकाम्या तापलेल्या नळीत गार पाणी सोडलं तर ती तडकते.

पाचपैकी साडेतीन. घेणार असाल तर दसऱ्याच्या सुमाराला घ्या. मे महिन्यात दुकानदार सवलत देतात, पण तेव्हा घेतला तर पहिले चार महिने तो नुसता स्लॅबवर भिजत राहील आणि वॉरंटीतले दिवस जातील ते जातीलच.