डेंजचे ध्वनी-आरसे : बघायला जाणार असाल तर

इंग्लंडच्या केंट किनाऱ्यावर, डंजनेसजवळच्या डेंज इथे काँक्रीटचे तीन ध्वनी-आरसे, म्हणजे आवाज परतवून एका जागी एकवटणाऱ्या बाकदार भिंती, उभे आहेत: २० फुटी, ३० फुटी आणि २०० फुटी. समुद्रावरून येणारं विमान दिसण्याआधी त्याचा आवाज पकडण्यासाठी ते १९२८ ते १९३० मध्ये बांधले. आता ती जागा पक्षी अभयारण्यातलं बेट आहे आणि तिथला फिरता पूल ठरावीक दिवशीच जोडला जातो, म्हणून तारीख बघूनच निघा. एरवी तळ्याच्या अलीकडून आरसे दिसतात, पण त्यांचा बाक नीट कळत नाही, आणि खरं बघण्यासारखं तेच आहे. पायाखाली सगळे गोटे असल्याने जाड तळाचे बूट हवेत.

सुरुवात २० फुटीपासून करा, मग ३० फुटी. दोन्हींचा आकार गोलाच्या तुकड्याचा आहे, पॅराबोलाचा (टीव्हीच्या डिश अँटेनासारखा) नाही. काँक्रीट हलवता येत नाही, म्हणून ऐकणारा आरशापुढचा, आवाज गोळा करणारा कर्णा फिरवायचा. पॅराबोलात आवाज अक्षापासून (समोरच्या सरळ रेषेपासून) तिरका आला की विस्कटतो. गोलात दिशा बदलली तरी तो बऱ्यापैकी एकवटतो. आवाज सर्वात मोठा लागला की कर्ण्याचा कोन वाचायचा आणि फोनवरून कळवायचा.

२०० फुटी भिंतीसाठी मात्र हातात भरपूर वेळ ठेवा. दुरून पोहोचतो तो इंजिनाचा खर्ज. १०० हर्ट्झच्या आवाजाची तरंगलांबी जवळपास साडेतीन मीटर आणि २० फुटी आरसा जेमतेम सहा मीटरचा. एवढ्याशा आरशात खर्जाची दिशा धूसरच राहणार. म्हणून भिंत इतकी लांब. तिच्यासमोरच्या काँक्रीटच्या अंगणात ध्वनी-संशोधक डॉ. विल्यम टकर यांचे मायक्रोफोन असत. त्यात तापवलेली बारीक तार असते. आवाजाने हवा हलली की तार निवते आणि तिचा विद्युतरोध बदलतो.

ही ऐकण्याची यंत्रणा आज जागेवर नाही, ही इथली मोठी उणीव. आधी वाचून गेला नाहीत तर नुसतं काँक्रीट बघून परताल.

पद्धत का मागे पडली, ते तिथेच उभं राहून मोजता येतं. समजा विमान ३२ किलोमीटरवर आहे. आवाज पोहोचायलाच दीड मिनिट जातं. ताशी १६० किलोमीटरने येणारं विमान त्यानंतर साडेदहा मिनिटांनी डोक्यावर येईल, ताशी ४०० वालं साडेतीन मिनिटांच्या आतच. शिवाय वारा आणि जाणाऱ्या बोटींचा आवाजही मिसळायचा. २६ फेब्रुवारी १९३५ ला डेव्हेंट्रीजवळ रेडिओलहरींनी विमान हेरण्याचा, म्हणजे रडारचा, प्रयोग यशस्वी झाला आणि हळूहळू आरशांचं काम थांबलं. पण दिशा मोजून लगेच नियंत्रण कक्षाला कळवण्याची इथे घोटलेली शिस्त रडारच्या साखळीला उपयोगी पडली. म्हणून या आरशांना फसलेला प्रयोग म्हणून हिणवणं आम्हाला पटत नाही.

तारीख जुळत नसेल तर फोकस्टन आणि डोव्हरच्या मधल्या ॲबट्स क्लिफला जा. तिथे कड्यावरच्या पायवाटेलगत २० फुटी आरसा आहे आणि अगदी जवळून बघता येतो.