थर्ड पार्टी पेरोल की थेट बिल?

खर्चकपात आली की पहिली कुऱ्हाड कंत्राटी माणसावर पडते. तो कर्मचाऱ्यांच्या यादीतच नसतो, त्यामुळे त्याची गच्छंती बातमीतही येत नाही. नाशिकच्या इंदिरानगर किंवा पाथर्डी फाट्याला घरी बसून पुण्याच्या प्रोजेक्टवर काम करणाऱ्यांना हे चांगलंच ठाऊक आहे. मग काम निदान कोणत्या कागदावर करावं: मधल्या एजन्सीच्या पगारावर, म्हणजे थर्ड पार्टी पेरोलवर, की कंपनीला स्वतःच थेट बिल लावून?

थेट बिल लावलं की टीडीएस कापूनही हातात जास्त पडतं. पण पीएफ नाही, भरपगारी रजा नाही, आणि प्रोजेक्ट थांबला की शेवटच्या बिलासाठी फोनवर फोन.

पेरोलवर एजन्सी मधला वाटा खाते, हे खुपतंच. तरी पीएफ खात्यात दर महिन्याला भर पडते, गृहकर्जाला सॅलरी स्लिप चालते. शिवाय नोव्हेंबर २०२५पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेनुसार, ठरावीक मुदतीच्या नेमणुकीत वर्षभराच्या सेवेनंतर ग्रॅच्युइटी मिळते. म्हणून नेमणूकपत्रात ‘फिक्स्ड टर्म’ लिहिलंय का, ते आधी बघा.

घराचा हप्ता चालू असेल तर माझं मत पेरोललाच. सहा महिन्यांचा खर्च बाजूला असेल तर बिल लावा, पण करारात नोटीस दोन्ही बाजूंना सारखीच लिहून घ्या.