ग्राफिक्स कार्ड नसलेल्या लॅपटॉपवर अकरा महिने मोठे गेम

लॅपटॉप घेतला कॉलेजच्या कामासाठी. रायझन ५ ५५००यू, ८ जीबी रॅम, १०८०पी स्क्रीन. वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, प्रोसेसरमध्येच बसवलेलं व्हेगा ७. त्यावर 'जीटीए ५', 'द विचर ३' आणि 'सायबरपंक २०७७' खेळायचेच, असा मी हट्ट धरला. अकरा महिन्यांनंतर सांगतो, तिन्ही चालतात. मात्र सुरुवातीचे दोन महिने मी ज्या पद्धतीने चालवत होतो, तसे चालत नाहीत.

तेव्हा मी एकच करायचो, मेनू उघडून सगळं 'लो'वर टाकायचो. गेम ओळखू येणार नाही इतका ओबडधोबड दिसायचा, आणि तरीही जीटीएत गाडी जोरात पळवली की चित्र अडकायचं. फार वैताग यायचा.

मूळ दुखणं रॅमचं होतं. वेगळ्या कार्डाकडे स्वतःची वेगवान मेमरी असते. आपल्याकडे प्रोसेसर आणि ग्राफिक्स दोघंही एकाच रॅमवर जगतात. माझ्या लॅपटॉपमध्ये ८ जीबी रॅमची एकच स्टिक, म्हणजे सिंगल चॅनेल, डेटा ये-जा करायला एकच रस्ता. डीडीआर४-३२०० च्या एका चॅनेलमधून सेकंदाला जास्तीत जास्त २५.६ जीबी डेटा जातो. जोडीला दुसरी स्टिक बसली की ५१.२. मेनूतल्या कुठल्याही सेटिंगने हा रस्ता रुंद होत नाही.

मग एका शनिवारी ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोड, म्हणजे मुंबईतला कॉम्प्युटरच्या सामानाचा बाजार, गाठला. पहिल्या दुकानात मला २६६६ वेगाची स्टिक दाखवली, "चालून जाईल" म्हणाले. चालली असती, पण दोन्ही स्टिक कमी वेगाच्या स्टिकप्रमाणे धावतात, त्यामुळे मी तिथून निघालो. पुढच्या दुकानात ३२०० ची ८ जीबी मिळाली, त्यांनीच मागचं झाकण उघडून बसवूनही दिली. दुकानातच टास्क मॅनेजर उघडून वेग आणि स्लॉट बघून घ्या, घरी येऊन कळण्यात अर्थ नाही. त्या रात्री जीटीए तेच, सेटिंग तीच, आणि सेकंदाला तिशीच्या आसपास धडपडणारे फ्रेम, म्हणजे पडद्यावर उमटणारी चित्रं, पंचेचाळीसच्या पुढे गेले. या अकरा महिन्यांत सगळ्यात जास्त आनंद मला त्या रात्री झाला.

दुसरा प्रश्न उष्णतेचा. हा प्रोसेसर मुळात १५ वॉटचा, आणि त्याच वीजेत ग्राफिक्सलाही भागवायचं असतं. आमची परळची एकच खोली, मे महिन्यात रात्रीसुद्धा हवा हलत नाही. अर्ध्या तासात लॅपटॉप नव्वद अंशांवर जायचा, वेग पाडायचा आणि पंखा इतका ओरडायचा की आजीची झोपमोड व्हायची. विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० वरून ९९ टक्के केली. एवढ्याने बूस्ट, म्हणजे प्रोसेसरने गरजेला आपोआप वाढवलेला वेग, बंद होतो आणि वाचलेली वीज ग्राफिक्सच्या वाट्याला येते. विचरला याचा चांगला फायदा झाला, तापमान पंचाहत्तरच्या आसपास आलं. जीटीएत मात्र भर गर्दीच्या रस्त्यावर प्रोसेसरच कमी पडायला लागला, म्हणून त्या गेमपुरता बूस्ट चालू ठेवतो.

त्याहून मोठा गुण फ्रेमला लगाम घालण्याचा. रिव्हाट्युनर या सॉफ्टवेअरने सेकंदाला ३० वर बांधून ठेवले की प्रत्येक फ्रेम ३३.३ मिलिसेकंदांनी येते. कधी ४५, कधी २५ अशा हेलकाव्यांपेक्षा हे स्थिर तीस डोळ्यांना कितीतरी बरं वाटतं. पंखाही शांत राहतो. आता आजीला मी जागा असल्याचं कळतही नाही.

एवढं झाल्यावर मेनूकडे वळा. आधी रिझोल्यूशन. १०८०पीला दर फ्रेमला सुमारे २०.७ लाख पिक्सेल रंगवायचे असतात, ९००पीला १४.४ लाख, ७२०पीला ९.२ लाख. विचर मी ७२०पीवर खेळतो. तो डायरेक्टएक्स या ग्राफिक्स प्रणालीच्या ११ किंवा १२ आवृत्तीत चालवता येतो, मी ११ निवडतो, १२ मध्ये माझा लॅपटॉप दमतो. केस खरे दिसावेत म्हणून असलेलं हेअरवर्क्स बंदच. सावल्या लो, पण टेक्स्चर, म्हणजे वस्तूंच्या पृष्ठभागावरचं बारीक चित्र, मीडियम. १६ जीबी रॅम झाल्यावर टेक्स्चरचा भार फारसा जाणवत नाही आणि चेहरे, भिंती, कपडे नीट दिसतात. टेक्स्चर सगळ्यात आधी खाली आणणं ही माझी चूक होती.

जीटीएत गवत नॉर्मलवर आणि कडा गुळगुळीत करणारं एमएसएए बंद केलं की शहराबाहेरच्या डोंगरातही अडखळणं थांबतं.

सायबरपंक सगळ्यात जड. त्यात स्क्रीन स्पेस रिफ्लेक्शन्स (पाण्यातली, काचेतली प्रतिबिंबं) बंद करा, धुक्याचं सेटिंग लो आणि गर्दी कमी. एफएसआर म्हणजे गेम कमी रिझोल्यूशनवर रंगवून चित्र मोठं करणारं एएमडीचं तंत्र. त्याच्या ३ पर्यंतच्या आवृत्त्यांना ठरावीक कार्ड लागत नाही, त्यामुळे ते आपल्यासाठी मोठा आधार आहे. पण त्याचं स्वतःचं कामही या चिपला जड जातं, शिवाय चित्र आधीच लहान असेल तर लांबच्या तारा आणि कठडे लुकलुकतात. ९००पी आणि एफएसआरचा बॅलन्स्ड मोड यावर मी थांबलो. गेममधल्या बाजारपेठेच्या भागात तरीही फ्रेम पंचविशीवर येतात. तिथे गोळीबार असेल तर मला मजा येत नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो. गोष्टीसाठी खेळत असाल तर खेळा.

बायॉसमध्ये (लॅपटॉप सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) ग्राफिक्ससाठी राखीव मेमरी वाढवायची सोय बऱ्याच लॅपटॉपमध्ये नसते, माझ्याकडेही नाही. लागेल तशी विंडोज देतं, त्यामुळे अडलं नाही. चार्जर लावूनच खेळा, बॅटरीवर वेग बराच पडतो.

भांडुपच्या दादाकडे हाच लॅपटॉप आहे आणि तो नवीन घ्यायला निघाला होता. मी मागचं झाकण उघडून बघितलं, त्याचाही दुसरा स्लॉट रिकामा. रविवारी लॅमिंग्टन रोडची बरीच दुकानं बंद असतात, म्हणून येत्या शनिवारी त्याला घेऊन तिकडे जातोय.