संबद्धता कुठून करावी: गाईड की बेअर ॲक्ट?

एआयबीईसाठी (वकिलीची अखिल भारतीय परीक्षा) पुराव्याच्या कायद्यातला ‘रेलेव्हन्सी’चा, म्हणजे कोणती गोष्ट खटल्याशी संबद्ध धरायची याचा, भाग कशातून करू, असं ज्युनिअर विचारतात: प्रश्नोत्तरांच्या गाईडमधून की बेअर ॲक्टमधून, म्हणजे कायद्याच्या नुसत्या मूळ मजकुरातून? मी दोन्ही करून पाहिलंय.

गाईडचा वेग मान्यच. दोन संध्याकाळींत शंभरेक प्रश्न होतात आणि रेस जेस्टे (मुख्य घटनेतच गुंफलेल्या गोष्टी), मृत्युपूर्व जबाब, पोलिसांपुढचा कबुलीजबाब हे फिरून फिरून येतात, ते कळतं. हातात पंधराच दिवस असतील तर मी कुणाला अडवणार नाही.

माझं गाडं अडलं ते कलम 27 वर. गाईडच्या कव्हरवर ‘नवीन कायद्यासह’, आत कलमांचे बरेच आकडे 1872 च्या जुन्या पुरावा कायद्याचे. प्रश्न असा: आरोपी कोठडीत म्हणाला, ‘मी त्याला मारलं आणि सुरा विहिरीत टाकला.’ सुरा सापडला. यातलं किती शाबीत करता येईल? उत्तरात नुसतं ‘कलम 27’. नव्या कायद्याचं, म्हणजे भारतीय साक्ष्य अधिनियमाचं, 27 काढलं, तर तिथे आधीच्या कार्यवाहीत दिलेल्या साक्षीबद्दल लिहिलेलं! जुनं 27 आता 23 च्या परंतुकात (‘परंतु’ने जोडलेल्या अपवादात) जाऊन बसलंय. ते सापडेपर्यंत दहा मिनिटं गेली. परीक्षेत ती कुठून आणणार? तिथे टिपा नसलेला बेअर ॲक्टच नेता येतो, गाईड बाहेर राहतं.

परंतुक मात्र एकदा नीट वाचलं आणि प्रश्न सुटला. सापडलेल्या वस्तूशी थेट जोडलेलं तेवढंच आत येतं: सुरा विहिरीत टाकल्याचं वाक्य येतं, ‘मारलं’ बाहेर राहतं. खटल्याशी संबंध दोन्हींचा आहे, पण संबंध असणं वेगळं आणि शाबीत करू देणं वेगळं. माझ्या गाईडने या दोन्ही कल्पनांना सरसकट ‘ग्राह्य’ म्हटलं होतं.

बेअर ॲक्ट कोरडा आहे, 3 ते 50 कलमं सलग वाचताना डुलकी लागते. मी दृष्टांत (कलमाखाली दिलेली उदाहरणं) आधी वाचायचो, कलम मागून. कलम 9 चा पहिला दृष्टांत बघा: गुन्हा चेन्नईत, आरोपी त्या दिवशी लडाखला. (जुन्या कायद्यात कलकत्ता आणि लाहोर होतं.) ‘ॲलिबी’ (आरोपी त्या वेळी दुसरीकडे होता हा बचाव) हा शब्द कलमात कुठेच नाही, तसा कलम 4 मध्ये ‘रेस जेस्टे’ही नाही. गाईडवर वाढलेला माणूस हॉलमध्ये नेमके तेच शब्द शोधत बसतो.

तुमचं गाईड कदाचित बरं असेल. माझं मी टाकून दिलं नाही. शेवटच्या आठवड्यात त्यातले प्रश्न सोडवले, उत्तरातला कलमाचा आकडा अंगठ्याखाली झाकून.