लांबीखाली पत्रा सडत होता

सावद्याजवळ केळीची ट्रॉली वळताना तिचा कोपरा आमच्या पांढऱ्या गाडीला लागला. डाव्या बाजूचा मागचा दरवाजा आणि त्यामागचा क्वार्टर पॅनल, म्हणजे मागच्या चाकावरचा पत्रा, दोन्ही आत गेले. ट्रॅक्टरवरचा पोरगा हात जोडून उभा राहिला. त्याच्याशी काय भांडणार?

विमा होता. पण सलग तीन वर्षं क्लेम न घेतल्याने नो क्लेम बोनस, म्हणजे विम्याच्या हप्त्यातली सूट, 35 टक्क्यांवर आली होती, ती घालवणं जिवावर आलं. त्यात वडिलांना दर महिन्याला जळगावला दवाखान्यात न्यावं लागतं, गाडी अडकून चालत नाही. हायवेवरच्या एका गॅरेजवाल्याने नेमकं हेच हेरलं. "क्लेमच्या भानगडीत कशाले पडता भाऊ, मी शे ना!" 14 हजार सांगितले. पत्रा ठोकून, ओढून सरळ करणार, वरून लांबीचा (पत्र्यातले खड्डे भरायची पुट्टी) पातळ थर, प्राइमर आणि कंपनीसारखा रंग. चार दिवसांत गाडी हातात. मी 6 हजार यूपीआयने दिले. बाकीचे रोख मागितले आणि बिलाचं विचारलं तर "जीएसटी कशाला वाढवता" म्हणाला. मी मान डोलावली.

जुलैचा पहिला आठवडा होता, पाऊस लागून राहिलेला. तिसऱ्या दिवशी सहज डोकावलो. एक पोरगा बादलीत पॉलिश पेपर बुडवून लांबीच घासत होता, पाणी दरवाजावरून ओघळत होतं. मला वाटलं, किती मन लावून काम चाललंय. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गाडी मिळाली. आरशासारखी चमकत होती. घरी सगळ्यांनी हात फिरवून पाहिला.

ऑक्टोबरचं ऊन सुरू झालं आणि दरवाजावर मुगाएवढे फोड आले. एक नखाने दाबला तर आतून पाण्याचा थेंब आला आणि बोटाला तांबूस लागला. तिरप्या उन्हात पाहिलं की लांबी कुठून कुठपर्यंत लावलीय त्याची कड नकाशासारखी उमटलेली. पांढऱ्या रंगात मधेच पिवळसर डाग. गॅरेजवाल्याकडे गेलो तर म्हणाला, तुम्ही गाडी उन्हात लावता. भुसावळात राहणाऱ्या माणसाने गाडी उन्हात लावायची नाही?

शेवटी यावलच्या एका जुन्या पेंटरकाकांकडे नेली. त्यांनी खिशातून लोहचुंबक काढून दरवाजावर ठेवलं, ते सरळ खाली पडलं. मग छिन्नीने एक ढपली उचकटली. बोटाएवढी जाड लांबी, बिस्किटासारखी सुटून आली, आणि पत्र्याकडची तिची बाजू पूर्ण गंजाने माखलेली. दरवाजाचं आतलं पॅड कुणी खोललंच नव्हतं. म्हणजे पत्रा ठोकलाच नाही, खड्डा जसाच्या तसा ठेवून वर थापलं होतं.

काकांनी जे सांगितलं ते प्रत्येक गाडीवाल्याला माहीत असायला हवं. लांबी ही शेवटची बारीक उंचसखल भरायला असते, दोन-तीन मिलिमीटरच्या वर गेली की ती आकसते, तडकते. ती स्पंजासारखी पाणी पिते, म्हणून ती कोरडीच घासायची, आधी 80 नंबरचा पेपर, मग 180. पाण्याचा पेपर वापरायचा तो प्राइमर-सरफेसर, म्हणजे रंगाखालचा थर, चढून वाळल्यावर. ओल्या लांबीवर रंग मारला की पाणी आत कोंडतं, खाली पत्रा गंजतो आणि ऊन तापलं की फोड येतात. लांबी कडक करणारा हार्डनर शंभर ग्रॅम लांबीला दोनेक ग्रॅम लागतो. घाईसाठी जास्त घातला की तो रंगातून वर येतो. माझे पिवळे डाग त्याचेच.

म्हणून कळकळीने सांगतो, गाडी रंगायच्या आधी दोनदा जाऊन बघा. पहिल्यांदा पत्रा सरळ झाल्यावर, लांबी लागण्याच्या आधी. दुसऱ्यांदा लांबी घासून झाल्यावर, प्राइमरच्या आधी. दोन्ही वेळा मोबाईलवर फोटो काढा. 'आत येऊ नका' म्हणणाऱ्याकडे गाडी ठेवू नका. जुनी गाडी घेतानाही फ्रीजवरचं चुंबक फडक्यात गुंडाळून सगळ्या दरवाज्यांवर फिरवा, पत्र्याला ते चिकटतं, जाड लांबीवर चिकटत नाही. बंपर प्लास्टिकचा असतो, त्याला चिकटणार नाही, तेवढ्याने घाबरू नका.

काकांनी 11 दिवस घेतले, प्रत्येक टप्प्याला मला बोलावलं. दरवाजाचा खालचा पत्रा कापून नवीन लावावा लागला. 19 हजार गेले, पक्क्या बिलासह.

1915 या ग्राहक हेल्पलाइनवर नोंद केली आहे. आता जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज करतोय. मुदत दोन वर्षांची असते आणि माझ्याएवढ्या रकमेला फी लागत नाही. ती गंजलेली ढपली पिशवीत जपून ठेवलीय, फोटो आहेत, काका लेखी द्यायला तयार आहेत. यूपीआयचे 6 हजार बँकेच्या उताऱ्यात दिसतात. रोख दिलेल्या 8 हजारांचा मात्र एक कागदही माझ्याकडे नाही.